झालं की होऊन राहिलं?

जरा जवळ सरक, बाई. हे फोनवर सांगायचं नाही म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतेस, तिकडे पुण्यात कुकर लावतेस, भांडी आवरतेस, अन् मी इकडे अकोल्यात एकटी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत बसते. मावशी आहे मी तुझी, रेडिओ नाही. अन् शेवटी दर वेळी तेच : "येऊन राहिली ना मावशी, येऊनच राहिली." दिवाळीत तू येऊन राहिली होतीस, उन्हाळ्यात येऊन राहिली होतीस. पुण्यात राहून तुझी बाकी सगळी वऱ्हाडी गळून पडली, हा एक शब्द तेवढा टिकला.

त्याच शब्दावरून मला आपल्या वरच्या खोलीतले साहेब आठवतात. तू त्यांना एकाच सुट्टीत पाहिलंस. जाताना मला हळूच विचारलं होतंस, "मावशी, हे असे काहून बोलतात, कोर्टात उभे असल्यासारखे?" तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तर ऐकायला तू नाहीस.

साहेब आले ते मार्चच्या एका दुपारी, एक ट्रंक आणि एक कूलर घेऊन. तुझे काका जाऊन वर्ष झालं होतं. मला भाडेकरूची तशी गरज नव्हती, पण डोक्यावर कोणाच्या तरी पायांचा आवाज पाहिजे होता. मी विचारलं, "काय करत होते तुमी?" म्हणाले, "रेग्युलेटरमध्ये होतो. निवृत्त झालो."

आता मी चौथी शिकलेली बाई. पुढचं जे वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. मला रेग्युलेटर माहीत एकच, सिलिंडरवरचा. म्हटलं, देवानेच धाडला हा माणूस. आत गेले, रेग्युलेटर नळीसकट काढला अन् त्यांच्या हातात दिला. "हा जरा पाहून द्या जी. आठ दिवस झाले, सूं सूं करते."

दुसरा कोणी हसला असता. साहेबांनी ट्रंक तशीच ठेवली, माझ्याकडून वाटीत साबणाचं पाणी मागितलं, सगळं परत जोडलं, आणि बोटाने एकेका सांध्याला फेस लावून पाहत बसले. नळीजवळ फुगा आला. "रेग्युलेटर चांगला आहे. नळी चिरली आहे," म्हणाले. बाजारात जाऊन नवी नळी आणली, पुन्हा फेस, पुन्हा तपासणी. मग खिशातून पेन काढून कागदावर लिहिलं : 'स्वयंपाकघरातील गॅसजोडणी तपासली. गळती नाही. वापरण्यास हरकत नाही.' खाली सही आणि तारीख. तो कागद अजून माझ्या चहाच्या डब्याखाली आहे.

चहा पिताना मग खरं काय ते कळलं. दूर समुद्रात, जिथून जमीन दिसत नाही, तिथे पाण्याखालून गॅस काढायचा मोठा प्रकल्प चालला होता. पाण्यात लोखंडाचे पाय रोवून वर अख्खी वाडी बसावी एवढा ओटा बांधतात, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. बांधणारी कंपनी वेगळी. आणि ती नीट बांधते का, विहिरीतून किनाऱ्यापर्यंतचा पाईप दाब सोसतो का, हे पाहणारं सरकारी ऑफिस वेगळं. साहेब त्या दुसऱ्या ऑफिसातले. प्रत्येक पायरीला त्यांचा कागद लागायचा, तो मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

"म्हणजे कंपनी म्हणते चला, अन् तुमी म्हणता थांबा," मी म्हटलं.

"हो. म्हणून हेलिकॉप्टरमधून उतरलो की मला चहा नेहमी थंड मिळायचा."

गल्लीत मात्र 'प्लॅटफॉर्मवर ड्यूटी' एवढंच पोचलं आणि लोकांना वाटलं, साहेब रेल्वेत होते. लग्नसराईत लोक त्यांच्याकडे तिकिटं कन्फर्म करायला यायचे. "माझा प्लॅटफॉर्म वेगळा," असं ते म्हणाले की लोक विचारायचे, "मग किती नंबरचा?"

महिन्याच्या आत त्यांनी माझ्या घराचा प्लॅटफॉर्म करून टाकला. जिना चढताना एक हात कठड्यावर पाहिजेच, मग हातात पाण्याची बादली असो की पोळ्यांचा डबा. दूधवाला मोकळ्या हाताने चढला तर त्याला खाली जाऊन पुन्हा चढायला लावायचे. आणि तो फळा. जिन्याजवळ लाकडाचा फळा ठोकला, त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा. वरच्या रांगेवर लिहिलं 'आत', खालच्या रांगेवर 'बाहेर'. माझ्या नावाची पत्र्याची चकती, त्यांच्या नावाची चकती. घराबाहेर पडताना आपली चकती खाली टांगायची, आल्यावर वर. समुद्रात असंच असतं म्हणे. काही झालं तर आत किती माणसं आहेत ते एका नजरेत कळलं पाहिजे. "आणि वहिनी, दुसऱ्याची चकती कधी हलवायची नाही. ज्याची त्याने."

तुझी चकती त्या सुट्टीत केली. तू जाताना हसत हसत खालच्या खिळ्यावर टांगलीस.

आणखी एक चकती होती, कोरी. नाव नाही, काही नाही. पहिल्या दिवसापासून 'बाहेर'च्या शेवटच्या खिळ्यावर. मी विचारलं, ही कोणाची? साहेब म्हणाले, "एक माणूस बाहेर आहे."  मी म्हटलं, असेल कोणी.

बायको नव्हती. गल्लीतल्या बायांना राहवेना, त्यांनी मला विचारायला लावलं. "लग्न झालं का जी तुमचं?" "नाही झालं." बस. मुलं, भाऊ-बहीण, काही नाही. बाळापूरकडच्या गावात एक चुलतभाऊ होता, तो वर्षातून एकदा हरभरा पाठवायचा. रात्री त्यांच्या खोलीतून एकच आवाज यायचा, कूलरचा. हिवाळ्यातसुद्धा. पाणी न टाकता नुसता पंखा फिरवायचे. मी म्हटलं, थंडी वाजत नाही का? म्हणाले, "वाजते. पण हा आवाज नसला तर खोली फार मोठी वाटते." समुद्रावर चोवीस तास असाच घर्र आवाज असायचा म्हणे. अकोल्याच्या एवढ्याशा खोलीत तो माणूस पांघरुणात कुडकुडत समुद्राचा आवाज लावून झोपायचा.

पण मला सगळ्यात खटकायची ती त्यांची भाषा. बाळापूरचा माणूस अन् तोंडात एक 'मले' नाही, 'तुले' नाही! सगळं कसं धुऊन, नीळ देऊन, इस्त्री केलेलं. आणि दुसऱ्याने कोणी 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. मी म्हणायची, "भाकर होऊन राहिली, बसा." लगेच प्रश्न, "झाली की नाही झाली?" अगं, तवा चुलीवर आहे, भाकर तव्यावर आहे, काय सांगू माणसाने? "मग नाही झाली," ते म्हणायचे आणि वर निघून जायचे. "झाली" असं ओरडल्यावरच खाली यायचे. मला राग यायचा. म्हटलं, समुद्रावर जाऊन आपली बोली विसरला, मोठा साहेब.

प्रकल्पाचा माग मात्र सोडला नव्हता. पेपरात त्या गॅसची बातमी आली की कात्री घेऊन बसायचे. टीव्हीवर एकदा कोणी पाहुणे आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. मी म्हटलं, "झालं बाई एकदाचं तुमचं काम." साहेब पडद्याकडे बोट करून विचारायला लागले, "काय झालं? पहिली विहीर की सगळा प्रकल्प?" जसा काही तो टीव्हीवाला उत्तर देणार होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, प्रगतीच्या कागदावर दोनच रकाने पाहिजेत. झालं आणि नाही झालं. तिसरा रकाना माणूस खातो."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बसने अमरावतीला जायचे. स्वच्छ शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. चकती खाली. दुपारी तीनपर्यंत परत, चकती वर. आणि पुडा माझ्या हातात. "अमरावतीचे पेढे," म्हणायचे. मी तीनचार महिने खाल्ले. मग एकदा पुड्यावरचा छाप वाचला, तर तो आपल्या इथल्या टिळक रोडवरच्या दुकानाचा. म्हणजे पेढे अकोल्याचे, अमरावतीला जाऊन आलेले. कोणाला तरी न्यायचे अन् न देता परत आणायचे. तेव्हापासून ते पेढे मी गल्लीतल्या पोरांना वाटायला लागले.

मग चारेक वर्षांनी आपल्या गल्लीत नळाच्या गॅसचा पिवळा पाईप आला. साहेब सकाळपासून खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून. कामाचा सुपरवायझर मूर्तिजापूरकडचा, गालात तंबाखूचा खर्रा. साहेबांनी त्याला विचारून विचारून हैराण केलं. पाईपात हवेचा दाब भरला का, किती वेळ ठेवला, घड्याळाचा काटा उतरला का.

तो म्हणाला, "काका, तुमी काहून टेन्शन घेता? टेस्टिंग होऊन राहिली ना!"

साहेब उठून उभे राहिले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "झाली की नाही झाली?"

"होऊन राहिली म्हटलं ना जी."

"ते सांगू नको! झाली की नाही झाली?" असे ओरडले की समोरच्या गच्चीवर लोक आले.

"नाही झाली, बाप्पा, नाही झाली! आता काय लिहून देऊ?"

"हो. लिहून दे."

सगळे खो खो हसले. साहेब आमच्या पायरीवर येऊन बसले. मी पाणी दिलं, तर पेला तसाच बाजूला ठेवला. त्या पायरीवर त्यांनी मला ते सांगितलं.

प्लॅटफॉर्मवर एका पाईपाची दाबाची चाचणी चालू होती. साहेब तिथे हजर, कारण त्यांच्या समोरच ती व्हायला पाहिजे. सांध्याजवळ एक फिटर काम करत होता, शकील, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेचा. आपल्याकडचा म्हणून साहेबांचा त्याच्यावर जीव. तेवढ्यात किनाऱ्यावरून कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. तो पुण्याचा, भला माणूस. नियम असा की चाचणीचं उत्तर कागदावरच द्यायचं. पण फोनवर मराठी माणूस, रोजची ओळख. त्याने विचारलं, "साहेब, टेस्ट झाली का?" आणि साहेबांच्या तोंडातून घरचं निघालं, "होऊन राहिली."

आपण म्हणतो होऊन राहिली, म्हणजे चालू आहे. पुण्याच्या कानाला ते ऐकू आलं, होऊन गेली. त्याने वहीत लिहिलं 'झाली' आणि तिकडून गॅस सोडायला सांगितला. शकील अजून सांध्यापाशीच होता. आग लागली नाही, तेवढं नशीब. पण तो सांधा सुटला आणि गॅसचा जो आवाज झाला, त्याने शकीलचे दोन्ही कान गेले. कायमचे.

मी म्हटलं, "साहेब, हा शब्द तर आपल्या सगळ्यांचा आहे. त्यात तुमचा काय दोष?"

"शब्दाचं नाही वहिनी. सहीचं."

चौकशी बसली. कंपनीने कागद दाखवला, चाचणी संपली होती, फिटर परवानगी नसताना तिथे थांबला. साहेबांना विचारलं, चाचणी संपली होती हे बरोबर का? खरं सांगावं तर फोनवर उत्तर का दिलं हे आलं. तो पुण्याचा अधिकारीही अडकणार, साहेबही अडकणार. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. साहेबांनी खाली मान घालून सही केली. शकील दोषी ठरला आणि नोकरी जाऊन घरी आला.

पेढे कोणासाठी होते, कोरी चकती कोणाची होती, सगळं एकदम कळलं मला. दर महिन्याला त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन साहेब परत फिरायचे. मी त्यांना समजावलं नाही. समजावण्यासारखं नव्हतंच ते. एवढंच म्हटलं, "या रविवारी मी येते."

गेलो. अमरावतीपर्यंत बस, पुढे नांदगाव पेठेला ऑटो. सगळ्या वाटेत ते ओठ हलवत होते. काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती. त्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. पुडा माझ्या हातात दिला. "वहिनी, पुढच्या वेळी जाऊ. आज त्यांना सुट्टी असेल, आराम करत असतील."

मी पुडा परत त्यांच्या हातात कोंबला. म्हटलं, "साहेब, जाऊन राहिलो ते मले सांगू नका. गेलो की नाही गेलो?"

माझ्याकडे असं पाहिलं, बाई, की मलाच वाईट वाटलं. पण गेले.

दार त्याच्या बायकोने उघडलं. आत शकील खाटेवर बसला होता. साहेबांना पाहून ताडकन उठला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तो केवढ्याने बोलला! "साहेब! या या या! बसा! चाय होऊन राहिली!"

साहेब उभ्या जागी थिजले. तेच दोन शब्द. वाटभर पाठ केलेलं सगळं त्यांच्या तोंडाशी होतं आणि ज्याला सांगायचं त्याला ऐकू येत नव्हतं. हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. पण मनातल्या मनात बोलताना समोरचा माणूस नेहमी ऐकतच असतो ना.

बायकोने चहा आणला, पोरांची वही आणि पेन पुढे ठेवलं. या घरात सगळे त्याच्याशी लिहूनच बोलायचे. साहेब लिहायला लागले. माझ्या गॅसच्या शेगडीला एका दमात प्रमाणपत्र देणारा माणूस, पण तीन ओळी लिहीपर्यंत त्यांचा चहा थंड झाला. मी शेजारून वाचलं : 'टेस्ट होऊन राहिली होती. झाली नव्हती. मी खोट्यावर सही केली.'

शकीलने वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हसला. "साहेब, हे मले काय सांगता? मीच तर करून राहिलो होतो टेस्ट!"

मग हसणं थांबलं. वही छातीशी धरली. "पण हे लिहेल पाहिजे होतं मले. पाच वर्षं झाली, मी सांगून राहिलो, कोणी मानत नाही. हे घरचे बी म्हणतात, तुमीच कुठंतरी चुकले असान. खाली तारीख टाका साहेब. सही करा." साहेबांनी केली. त्याने वही बायकोकडे दिली. "वाच. मोठ्यानं वाच." त्याला ऐकू येणार नव्हतं. पण ती वाचताना तिच्या तोंडाकडे तो जे पाहत होता ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिने वाचलं, पदर तोंडाला लावला आणि आत गेली. बऱ्याच वेळाने ताजा चहा घेऊन आली.

निघताना शकील म्हणाला, आता कापडाच्या कारखान्यात आहे. "तिथं मशीनचा एवढा आवाज, सगळ्यायले कानात कापूस लागते. माह्यावर कापसाचा खर्च नाही!" स्वतःच मोठ्याने हसला. साहेब नाही हसले. पण बसमध्ये, बडनेरा मागे पडल्यावर, खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "वहिनी, मले भूक लागली." मले!  पुडा रिकामा होता, पहिल्यांदा.

साहेबांनी मग ऑफिसला सगळं लिहून पाठवलं, शकीलचा दोष काढा म्हणून. उत्तर आलं, 'कार्यवाही सुरू आहे.' मला दाखवून म्हणाले, "पाहा, होऊन राहिलं." त्या दिवशी हसले. शकील दोनतीन महिन्यांनी एकदा यायचा. पहिल्या खेपेला साहेबांनी त्याला खिळा देऊन कोऱ्या चकतीवर नाव कोरायला लावलं. ती त्याने स्वतः 'आत' टांगली, चहा पिऊन जाताना स्वतः 'बाहेर'. बाकीचे दिवस साहेब आणि मी आणि कूलर. दोघं एका घरात होतो, पण खरं सांगू, एकटं असणाऱ्या दोन माणसांनी एकत्र जेवलं म्हणून एकटेपण अर्धं होत नाही. फक्त ताटं दोन होतात. तेही पुष्कळ असतं, हे आता कळतं.

या थंडीत त्यांना धाप लागली. मी ऑटो बोलावली. एक हात कठड्यावर ठेवून एकेक पायरी उतरले. ऑटोजवळ गेले आणि थांबले. मी म्हटलं, काय राहिलं? हाताने 'थांबा' म्हणाले, तसेच धापा टाकत मागे आले, आपली चकती वरून काढली आणि खाली टांगली. मग गेले. दवाखान्यातून परत आले नाहीत.

शकील आला होता. फळ्यासमोर उभा राहिला, साहेबांच्या चकतीला बोट लावलं, हलवली नाही. त्यालाही नियम माहीत. ऑफिसचं उत्तर अजून आलेलं नाही. आता ती वाट तो पाहतो, आणि त्याच्याबरोबर मी.

बाई, वर आता कोणाचे पाय वाजत नाहीत. कूलर मी कधी कधी जाऊन लावते. फळ्यावर 'आत' एकच चकती आहे, माझी. तुझी खालच्या खिळ्यावर आहे, तिच्यावर धूळ बसली. पुसते मी, पण वर घेता येत नाही मला, ज्याची त्याने. तर ये. मला आधी फोन करू नकोस, 'येऊन राहिली' ऐकायचं नाही मला. बॅग ओसरीत टाक, कठडा धरून जिन्यापाशी जा, आपल्या हाताने चकती वर टांग, आणि तिथूनच मोठ्याने हाक मार : "मावशी, आली!"